आमगाव नंदुरबारला कसे पोचते?

गोंदिया जिल्ह्यातले आमगाव पृथ्वीगोलावर सुमारे २१.३७ अंश उत्तर अक्षांश आणि ८०.३८ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबई–हावडा लोहमार्गावर गोंदियाच्या पुढचे हे तहसीलीचे ठिकाण. एका बाजूला मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा, दुसऱ्या बाजूला सालेकसा ओलांडले की छत्तीसगड. नंदुरबार शहर राज्याच्या थेट दुसऱ्या टोकाला आहे, पण अक्षांश जवळजवळ तोच. संगणकातल्या नकाशावर काम करताना पट्ट्याच्या क्रमांकात ४४ या अंकाऐवजी ४३ पडला, तर आमगावची शेते, बोड्या, रस्ते, रेल्वे स्टेशन असे सगळे काही सरळ पश्चिमेकडे सुमारे ६२० किलोमीटर सरकते आणि नंदुरबार शहराच्या पूर्वेला पंधराएक किलोमीटरवर जाऊन बसते. धुऱ्यांचा आकार तसाच राहतो, क्षेत्रफळ तेवढेच भरते, गट क्रमांकही जागच्या जागी दिसतात. आणि संगणक एका शब्दानेही तक्रार करत नाही. याउलट, नकाशांचा डेटाबेस एखाद्या दिवशी ‘मेटाडेटा वाचता आला नाही’ असे सांगून काम थांबवतो, तेव्हा सगळ्यांची धावपळ होते, सर्व्हरला दोष दिला जातो, आणि कोणीतरी घाईने काहीतरी बदलून तो संदेश पडद्यावरून घालवतो. माझे म्हणणे असे की, काम थांबवणारा तो संदेश प्रामाणिक असतो आणि घाईची ती दुरुस्ती बहुतेक वेळा घातक ठरते. आमगावला नंदुरबारला पोचवणारी चूक एररमधून जन्मत नाही, एरर दाबून टाकण्यातून जन्मते.

हे समजायला भूस्थानिक डेटाबेसमध्ये नेमके काय साठवलेले असते ते पाहावे लागेल. भारतीय सर्वेक्षण विभागाचा छापील नकाशा हातात घेतला तर त्याच्या कडेला पत्रकाचा क्रमांक असतो (आमगाव ६४ सी या पत्रकात येते), प्रमाण असते, उत्तर दिशा असते, सर्वेक्षणाचे वर्ष असते. नकाशा आणि त्याची ओळख एकाच कागदावर असल्यामुळे एकाला सोडून दुसरे हरवू शकत नाही. संगणकात मात्र शेताचा तुकडा म्हणजे आकड्यांच्या जोड्यांची एक माळ असते. आमगाव स्टेशनच्या परिसरातला एखादा बिंदू घेतला तर त्याची जोडी साधारण अशी असेल : पूर्वेकडचा आकडा ४ लाख ३५ हजार मीटर, उत्तरेकडचा आकडा २३ लाख ६३ हजार मीटर. उत्तरेकडचा आकडा विषुववृत्तापासून मोजलेला असतो. पूर्वेकडचा कुठून मोजला? जगभर वापरल्या जाणाऱ्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंश रुंदीचे साठ उभे पट्टे केलेले आहेत. प्रत्येक पट्ट्याच्या मध्यरेषेला पाच लाख हा आकडा दिलेला असतो आणि तिच्या पूर्वेला-पश्चिमेला मीटर मोजले जातात. म्हणजे वर दिलेली जोडी एकट्या उत्तर गोलार्धात साठ ठिकाणी सापडते. त्या साठांतले आमगाव कोणते, हे जोडीत कुठेच लिहिलेले नाही. ते लिहिलेले असते वेगळ्या जागी, आणि त्या वेगळ्या जागेच्या नोंदीला मेटाडेटा म्हणतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न पूर्व विदर्भाला विशेष करून भोवतो, आणि त्याचे कारण भूगोलातच आहे. ७२ ते ७८ अंश रेखांशांमधला पट्टा त्रेचाळिसावा, ७८ ते ८४ मधला चव्वेचाळिसावा. ७८ अंशाची रेषा अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतून जाते. तिच्या पश्चिमेला मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरपासून अकोल्यापर्यंत राज्याचा बहुतांश भाग येतो. पूर्वेला नागपूर विभागाचे सहाही जिल्हे. जागतिक यादीत पहिल्या पट्ट्याला ३२६४३ आणि दुसऱ्याला ३२६४४ असा क्रमांक आहे. ही यादी मुळात युरोपातल्या तेल कंपन्यांच्या सर्वेक्षकांनी एकत्र येऊन बनवली, म्हणून तिला आजही ईपीएसजी हेच नाव आहे. राज्यभराचा डेटा तयार करताना ज्याचा हात सवयीने ३२६४३ वर जातो, त्याचे बहुतेक काम बरोबर येते. चुकीचा सगळा भार पूर्व विदर्भावर पडतो. बहुसंख्यांसाठी बरोबर असलेली गृहीते कडेच्या लोकांवर अन्याय करतात, याचे इतके मोजता येणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

आता ती नोंद ठेवलेली असते कुठे? पोस्टजीआयएस ही २००१ पासून मोफत उपलब्ध असलेली आणि जगभर वापरली जाणारी प्रणाली. तिच्यात एक टेबल फक्त या मोजपद्धतींच्या व्याख्यांचे असते. दुसरी एक यादी कोणत्या टेबलाच्या कोणत्या रकान्यात कोणत्या क्रमांकाचे आकडे आहेत ते सांगते. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यापुरती एक मेटाडेटा नोंदवही असते. तिच्यात टेबलाचे नाव, रकान्याचे नाव, आकड्यांची कमाल-किमान मर्यादा आणि मोजपद्धतीचा क्रमांक असतो. ही नोंदवही वाचता आली नाही की ओरॅकल ओआरए-१३२०३ हा एरर देते. संदेशाची भाषा इतकी तुटक आहे की नवख्या माणसाला वाटते, डेटाच नष्ट झाला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डेटा सुखरूप असतो. हरवलेली असते ती त्याची ओळख. याची कारणेही गूढ नाहीत. टेबलाची नक्कल केली की आकडे उतरतात, पण नोंदवहीतली ओळ आपोआप उतरत नाही. टेबल एका खात्याचे आणि वाचणारा दुसऱ्या खात्यातून आलेला असेल, तर त्याच्या नोंदवहीत ती ओळ नसणारच. तिथे सर्वांसाठीची यादी पाहावी लागते आणि त्यासाठी परवानगी असावी लागते. टेबलाच्या नावात रोमन लिपीतली लहान-मोठी अक्षरे वेगळी पडली, तरी माणसाला एकच वाटणारे नाव डेटाबेसला दोन नावे वाटतात. कधी एकाच टेबलाच्या दोन नोंदी पडतात, कधी नोंदीत एक क्रमांक आणि आकड्यांना चिकटलेला क्रमांक दुसराच असतो. या दोन्हींसाठीही वेगवेगळे एरर आहेत.

म्हणून शोध घेण्याचा क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी डेटाबेसशी संपर्क होतो आहे का, साधे एखादे टेबल वाचता येते का, हे पाहायचे. ते होत नसेल तर प्रश्न जाळ्याचा किंवा पासवर्डचा आहे, मेटाडेटाचा नाही, आणि नोंदवहीला हात लावायचे कारणच नाही. संपर्क आहे, आकडे वाचता येतात, पण नकाशा उघडत नाही, असे असेल तर नोंद आहे का, मला दिसते आहे का, एकच आहे का, आणि आकड्यांशी जुळते का, हे चार प्रश्न याच क्रमाने विचारायचे. हा क्रम उलटा केला की गोंधळ होतो. नोंद आहे, पण परवानगी नाही म्हणून दिसत नाही. आणि माणूस ‘नोंदच नाही’ असे समजून नवी नोंद करतो. आता नोंदी दोन झाल्या, त्यातही दुसरी अंदाजाने भरलेली. एक एरर गेला, त्याच्या जागी दुसरा आला, आणि मधल्या मधे खऱ्या नोंदीचा पुरावा गढूळ झाला.

एका प्रकारच्या बिघाडात तर दोष डेटाबेसचा नसतोच, वाचणाऱ्या संगणकाचा असतो. मोजपद्धतींच्या व्याख्या वाचण्यासाठी बहुतेक सगळी नकाशा-सॉफ्टवेअर प्रोज नावाच्या एकाच ग्रंथालयावर विसंबतात. २०१९ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून प्रोजने या सगळ्या व्याख्या एका छोट्या डेटाबेस फाइलमध्ये ठेवल्या. एकाच संगणकावर पोस्टजीआयएस आणि नकाशे उघडणारे क्यूजीआयएस दोन्ही असतील, तर दोघांच्या या फाइलच्या आवृत्त्या वेगळ्या असू शकतात. एका सॉफ्टवेअरने संगणकाच्या सेटिंगमध्ये स्वतःच्या फाइलचा पत्ता लिहून ठेवला की दुसरे तिथेच जाऊन पाहते, आवृत्ती जुनी निघते आणि ते वाचायला नकार देते. बाहेरून दिसते ते एवढेच की काल उघडणारा गावनकाशा आज ‘मोजपद्धत अज्ञात’ म्हणतो. इथे सर्व्हरवरच्या नोंदीत काहीही बदलणे ही चूक आहे. पत्ता दुरुस्त केला की काम संपते. शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर तोच नकाशा नीट उघडतो का, एवढी साधी तपासणी हा घोळ काही मिनिटांत उलगडते.

आता त्या घाईच्या दुरुस्तीकडे येऊ. मोजपद्धतीशी संबंधित दोन आज्ञा पोस्टजीआयएसमध्ये शेजारी शेजारी असतात. एक आज्ञा आकड्यांना हात न लावता फक्त क्रमांक बदलते. दुसरी आज्ञा जुन्या क्रमांकाचा आधार घेऊन आकडे नव्याने गणते आणि मगच नवा क्रमांक देते. धानाच्या पोत्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतला जाड धान बारीक होत नाही. पहिली आज्ञा चिठ्ठी बदलते, दुसरी आतला माल बदलते. दोन थर एकमेकांवर ठेवताना ‘क्रमांक जुळत नाहीत’ असा एरर आला की पहिली आज्ञा देऊन दोन्हींना एकच क्रमांक लावणे हा सगळ्यात जवळचा रस्ता असतो. एरर लगेच जातो. आणि आमगाव नंदुरबारला जाते.

हे ओळखण्याची किल्ली आकड्यांतच असते, आणि ती वापरायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही. आमगावचा पूर्वेकडचा आकडा चव्वेचाळिसाव्या पट्ट्यात साधारण ४ लाख ३५ हजारांच्या आसपास येतो. तोच बिंदू त्रेचाळिसाव्या पट्ट्यात नीट गणून बसवला तर साडेदहा लाखांच्या पुढे जातो, कारण त्या पट्ट्याची मध्यरेषा ७५ अंशावर, साडेपाचशे किलोमीटर दूर आहे. आकडे २१ आणि ८० च्या घरात असतील तर ते मीटरच नाहीत, अक्षांश-रेखांश आहेत. म्हणजे एखाद्या टेबलाची नोंद हरवली असली तरी आतल्या आकड्यांवर नुसती नजर टाकून तीन शक्यतांमधली एक निवडता येते. नोंदीत ३२६४३ लिहिले आहे आणि आकडे ४ लाख ३५ हजारांचे आहेत, तर नोंद खोटी आहे, हे कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा आधी माणूस सांगू शकतो. संगणक ते सांगणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने नंदुरबार ही काही अशक्य जागा नाही.

सहाशे किलोमीटरची चूक निदान नकाशा उघडताच दिसते. खरी भीती त्याहून लहान चुकीची आहे, आणि तिचे मूळ दोनशे वर्षे मागे जाते. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासहून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. हे काम उत्तरेकडे नेताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टने ते पुढे नेले आणि पृथ्वीच्या आकाराचे जे गणित मांडले, ते एव्हरेस्ट १८३० या नावाने भारतीय नकाशांचा पाया झाले. हा आकार भारतीय उपखंडाला चांगला बसवलेला होता. उपग्रहांच्या काळात संपूर्ण पृथ्वीसाठी डब्ल्यूजीएस-८४ हा वेगळा आकार स्वीकारला गेला, आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराच्या खुल्या नकाशांसाठी तोच ठरवला. त्यामुळे जुन्या पत्रकावर छापलेला अक्षांश-रेखांश आणि आजच्या मोबाइलने दाखवलेला अक्षांश-रेखांश एकाच ठिकाणचे असूनही जुळत नाहीत. आमगावच्या परिसरात हा फरक साधारण दीडशे ते दोनशे मीटरांचा पडतो. म्हणजे जुन्या नकाशावरून संगणकात उतरवलेल्या थराला ‘डब्ल्यूजीएस-८४’ अशी नोंद लावली, तर तहसील तीच, गाव तेच, कदाचित तलावही तोच दिसेल. पण सगळे काही बांध्यांच्या दोन-चार ओळी ओलांडून सरकलेले असेल. ज्या भागात धानाच्या बांध्या लहान आणि धुऱ्यांचे वाद जुने, तिथे दोनशे मीटर म्हणजे भलत्याच खातेदाराची जमीन. आणि या चुकीला एरर नाही. नंदुरबारची चूक नकाशा उघडताच हसू आणते. ही चूक वर्षानुवर्षे मुकाट राहते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की मग हे पट्टे हवेतच कशाला, सगळा डेटा अक्षांश-रेखांशात ठेवा म्हणजे ४३-४४ चा प्रश्नच मिटला. यात तथ्य आहे, साठवणुकीपुरते ते मी मान्यही करतो. पण सातबाऱ्यावर क्षेत्र अंशांत लिहिता येत नाही. लांबी-रुंदी मीटरमध्ये काढायची तर कुठल्या तरी पट्ट्यात आणावेच लागते, आणि तिथे पुन्हा निवड करावी लागते. संपूर्ण राज्य सोयीसाठी त्रेचाळिसाव्या पट्ट्यात बसवले आणि गणित अगदी बिनचूक केले, तरी मध्यरेषेपासून दूर असल्यामुळे आमगावकडचे अंतर दर शंभर मीटरमागे सुमारे ३४ सेंटिमीटरने फुगते. क्षेत्राच्या हिशोबात एकरामागे सुमारे ३०० चौरस फुटांची वाढ होते. ही वाढ कोणाच्याही शेतात नाही, फक्त चुकीच्या चौकटीत आहे. चव्वेचाळिसाव्या पट्ट्यात तोच फरक एकरामागे तीसेक चौरस फुटांच्या आसपास राहतो. शिवाय अक्षांश-रेखांशाचा स्वतःचा सापळा आहे : आधी कोणता? अधिकृत व्याख्येत अक्षांश पहिला आहे; अनेक सॉफ्टवेअर रेखांश पहिला धरतात. क्रम उलटला तर आमगाव ८०.३८ अंश उत्तर आणि २१.३७ अंश पूर्व या ठिकाणी जाते, म्हणजे नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या उत्तर किनाऱ्याशी, आर्क्टिक महासागराच्या काठावर. तेव्हा अक्षांश-रेखांश वापरले म्हणून नोंदीची गरज संपत नाही. पट्टा कोणता या प्रश्नाच्या जागी क्रम कोणता हा प्रश्न येतो, इतकेच.

दुसरा आक्षेप नव्या तंत्रज्ञानाचा. आता मोजणीला उपग्रहाशी जोडलेले रोव्हर येतात, गावठाणांसाठी २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने सर्वेक्षण होते. मग जुन्या नकाशांच्या नोंदींचा घोळ हळूहळू आपोआप संपेल, असे म्हणता येईल. उलट तो वाढेल असे मला वाटते, कारण नवे मोजमाप जुन्याच्या शेजारी बसवावे लागते. फाळणी झालेल्या तुकड्याचा इतिहास जुन्या अभिलेखात आहे, मोजणीच्या ‘क’ प्रतीत आहे, पटवारी हलक्याच्या नोंदीत आहे. तो टाकून देऊन नवा नकाशा हाच खरा, असे कायदा म्हणत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना आणि कंपन्यांना नकाशे करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी काढून टाकली, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे वेगवेगळ्या हातांनी तयार झालेले थर एकत्र येणार आहेत, आणि त्यातला प्रत्येक थर आपली ओळख घेऊन येईलच असे नाही. आजही खासगी मोजणीदाराकडून मिळालेली शेपफाइल पाहा. शेपफाइल ही एक फाइल नसते, तीन-चार फाइलींचा संच असतो, आणि मोजपद्धतीची माहिती त्यातल्या एका छोट्या वेगळ्या फाइलीत असते. मोबाइलवरून पाठवताना नेमकी तीच मागे राहते, कारण तिच्यावाचूनही नकाशा उघडतो. उघडतो, आणि कुठेही बसवता येतो.

तंत्रज्ञान चांगले असले, माणसे शिकलेली असली, तरी नोंद वाचण्यात चूक होते याचा दाखला युरोपात आहे. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवर लाउफेनबुर्ग इथे २००३ मध्ये ऱ्हाइन नदीवर पूल बांधला जात होता. दोन्ही देश उंची वेगवेगळ्या समुद्रपातळीवरून मोजतात. त्यांच्यात २७ सेंटिमीटरचा फरक आहे, हे दोन्हीकडच्या अभियंत्यांना माहीत होते आणि त्यांनी तो हिशोबात घेतलाही. पण तो उलट्या दिशेने घेतला गेला. जमा करायच्या ठिकाणी वजा झाला, आणि दोन्ही बाजूंच्या पातळ्यांत ५४ सेंटिमीटरचे अंतर पडले. नोंद होती, वाचलीही होती. तिचा अर्थ कोणी दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहिला नव्हता. आमगावच्या दृष्टीने हा दाखला दूरचा नाही. रोव्हर जी उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. पाटबंधारे खात्याच्या जुन्या नकाशांवरची उंची समुद्रसपाटीपासूनची असते. मध्य भारतात या दोन उंचींत पन्नास मीटरांहून अधिक फरक आहे. तलावाच्या सांडव्याची पातळी यातल्या कोणत्या उंचीत लिहिली आहे, हे रकान्याशेजारी नोंदवलेले नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, कारण तो माणसांच्या बाजूने येतो. राज्य शासनाच्या महाभूनकाशा सेवेत गट क्रमांक टाकून जमिनीच्या तुकड्याचा नकाशा पाहता येतो. तिच्यामागे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची भूनकाशा ही प्रणाली आहे. एखादा शेतकरी कर्जासाठी, वाटणीसाठी नकाशा घ्यायला तालुक्याच्या गावी येतो, रोजी बुडवून येतो. डेटाबेस ‘नोंद वाचता येत नाही’ म्हणून अडून बसला तर त्याला परत जावे लागते. अशा वेळी प्रणालीने शहाणपणाने अंदाज करावा आणि काम पुढे न्यावे, हे म्हणणे चुकीचे कसे ठरवणार? मी ते पूर्ण चुकीचे ठरवत नाही. पाहण्यासाठी दाखवायचा नकाशा आणि नोंद बदलणारे काम यांत भेद करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. पडद्यावर नकाशा दाखवताना पट्टा गृहीत धरायला हरकत नाही, मात्र तो गृहीत धरला आहे हे नकाशावरच ठळक छापलेले असावे. त्याच गृहीतावर क्षेत्रफळ काढणे, नवा तुकडा पाडणे, किंवा डेटाबेसमधली नोंद कायमची भरणे, हे मात्र होऊ नये. शेतकऱ्याची एक खेप वाचवण्यासाठी केलेला अंदाज उद्या त्याच्या मुलांना दिवाणी न्यायालयाच्या कित्येक खेपा घालायला लावू शकतो. त्या खेपांचा हिशोब आजच्या खिडकीवर कोणी मांडत नाही, म्हणून तो नसतो असे नाही.

चौथे म्हणणे असे की तालुका पातळीवर हे जाणणारा माणूसच नाही. हे बऱ्याच अंशी खरे असेल, पण जी तपासणी लागते ती तालुका पातळीवरच सगळ्यात चांगली होते. राजधानीतल्या तज्ज्ञाला आमगावचा कोणता तलाव कुठे आहे हे माहीत नसते. त्याच्यासमोर फक्त क्रमांक असतो. गावातल्या माणसाला क्रमांक माहीत नसतो, पण जागा माहीत असते. दुरुस्तीनंतर रेल्वे स्टेशन, एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, दोन रस्त्यांचा चौक आणि तालुक्याच्या कडेचे एखादे गाव अशा दूरदूरच्या चार-पाच खुणा उपग्रहचित्रावर ठेवून पाहिल्या तर पट्ट्याची चूक तत्काळ दिसते, आणि एव्हरेस्टच्या आकाराची दोनशे मीटरांची चूकही दिसते. खुणा एकाच गावातल्या असू नयेत, कारण काही चुका एका कोपऱ्यात जुळतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात उघड्या पडतात. जुन्या तक्त्यांमध्ये आणखी एक गोष्ट इथल्याच माणसाच्या ध्यानात येते : गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या टेबलांमध्ये आमगाव भंडारा जिल्ह्याखाली असणार. नोंदीत वर्ष लिहिलेले नसेल तर ‘आमगाव सापडत नाही’ हाही एरर वाटतो, आणि बाहेरचा माणूस टेबलच अपुरे आहे असे ठरवून मोकळा होतो.

हे सगळे जमिनीच्या तुकड्यांपुरते असते तरी महत्त्वाचे होतेच. पण आमगावचे स्थान असे आहे की प्रश्न राज्याच्या हद्दीपलीकडे जातो. बाघ नदी गोंदिया आणि बालाघाट यांच्या सीमेवरून वाहत वैनगंगेला मिळते. सिरपूर, पुजारीटोला, कालीसरार या धरणांचा बाघ प्रकल्प हा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा आंतरराज्य प्रकल्प आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला पूर आला, तेव्हा गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतची गावे पाण्याखाली गेली. पुराचे पाणी कोणत्या गावात किती वाजता पोचेल हे सांगणारा नकाशा करायचा, तर दोन राज्यांच्या डेटाबेसमधले थर एकमेकांवर ठेवावे लागतात. बालाघाट चव्वेचाळिसाव्या पट्ट्यात आहे, छत्तीसगडचा लागून असलेला भागही त्याच पट्ट्यात. महाराष्ट्राचा थर राज्याच्या सवयीने त्रेचाळिसाव्यात असेल आणि त्याची नोंद नीट असेल, तर संगणक तो काही सेकंदांत बदलून घेतो, काहीच बिघडत नाही. नोंद नसेल तर एरर येईल आणि काम थांबेल. नोंद खोटी असेल तर काम थांबणार नाही, आणि पूररेषा भलत्या गावावरून जाईल. म्हणून प्रत्येक थराच्या टेबलाशेजारी तो कोणत्या पत्रकावरून किंवा कोणत्या उपकरणाने आणि कोणत्या वर्षी घेतला, मूळ मोजपद्धत आणि उंचीचा आधार कोणता, पुढे कोणी केव्हा कोणती आज्ञा देऊन त्यात बदल केला, त्या वेळी आलेल्या एररचा मूळ मजकूर काय होता, आणि बदलानंतर कोणत्या खुणा जागेवर जुळवून पाहिल्या, एवढे लिहून ठेवावे. मजकूर वीस ओळींचा होईल. पावसाळ्याआधी तो भरून ठेवायला एका तालुक्याला आठवडाभर पुरे.